कोरी बाटली

२ तारीख, सोमवार

पोहोचले एकदाची! खोली बघून जीव भांड्यात पडला. वरच्या मजल्यावरची, उजेडाची, पलंग न कुरकुरणारा, आणि खिडकीतून थेट ओढा दिसतो. खाली घरमालकीण राहतात. निवृत्त नर्स आहेत, सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. आल्या आल्या चहा दिला आणि माझा चेहरा बघून आधी झोप काढा म्हणाल्या. इतकी दमलेली दिसते मी? दिसत असेन.

ही वही ताईने दिली. तुझं रडगाणं फोनवर नको, वहीत लिही, असं वर ऐकवलंही. थोरली बहीण, ऐकवायचा हक्कच तिचा. शिवाय माझी ढमी तिच्याकडेच वाढतेय. कंत्राटी नोकरीवर गावोगाव फिरणारी आई सात वर्षांच्या पोरीला कुठे कुठे फरपटत नेणार? पण साहेबांनी शब्द दिलाय. या महिन्यात ओढा स्वच्छ ठरला की हे काम बंद, आणि मला शहरातल्या प्रयोगशाळेत कायमची जागा. मग ढमी माझ्याजवळ. बस्स, मला दुसरं काही नको.

३ तारीख, मंगळवार

कामाचं म्हणाल तर, गेल्या वर्षी वरच्या अंगाच्या कारखान्याची टाकी फुटली आणि सगळं रसायन ओढ्यात उतरलं. मासे मेले, गुरं आजारी पडली. कारखाना तेव्हापासून बंद. आता रोज पाच ठिकाणी बाटल्या भरायच्या आणि प्रयोगशाळेत पाठवायच्या. सोबत सहावी, कोरी बाटली. तिच्यात प्रयोगशाळेतलंच शुद्ध पाणी असतं. ओढ्याकाठी नुसतं झाकण उघडायचं, लावायचं आणि तशीच परत पाठवायची. तिच्यात काही सापडलं तर दोष ओढ्याचा नाही, नेणाऱ्याच्या हातांचा.

ढमीने फोनवर विचारलं, ओढ्याला ताप आलाय का आणि तू त्याची नर्स आहेस का. सिस्टरना सांगितलं तर त्या खो खो हसल्या.

६ तारीख, शुक्रवार

प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन. पाचही बाटल्या आधीपेक्षा बऱ्या, पण कोरीत रसायन! हात धुता की नाही, असं विचारलं. मला! केस पांढरे झाले या कामात. पण चूक झालीही असेल. नवे हातमोजे काढले, नव्या बाटल्या घेतल्या, खोकासुद्धा घासला. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं.

१० तारीख, मंगळवार

पालथ्या घड्यावर पाणी. ओढा आणखी सुधारला, कोरी आणखी बिघडली. बाईंचा सूर आता तिखट झालाय. साहेब मात्र खूश. ते शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकतात, त्यांना फक्त ओढ्याचे आकडे दिसतात.

पुलापाशी धोबी भेटला. तुमचा पायगुण चांगला, मासे परत आलेत, म्हणाला. खरंच होते, बोटभर, चकचकीत. आनंद व्हायला हवा होता. पण मी थकलेय. जिना चढताना धाप लागते. आणि तळहात सारखे ओले. घाम म्हणावा तर गार, आणि त्याला सडक्या फळांचा वास. पुसले की पुन्हा ओले.

१३ तारीख, शुक्रवार

सोक्षमोक्ष लावायचा म्हणून परवा दोन कोऱ्या बाटल्या घेतल्या होत्या. एक सिस्टरनी ओढ्यावर नेली, त्यांनीच उघडली, त्यांनीच बंद केली. दुसरी मी ओढ्यावर नेलीच नाही. इथे खोलीतच उघडली आणि बंद केली. आज निकाल आला. सिस्टरची स्वच्छ. माझी —

म्हणजे ते ओढ्यातून येत नाही. माझ्यातून येतंय. हात धुतलेलं पाणी मी खिडकीतल्या रोपाला घालायचे. ते मुळापासून काळं पडलंय.

१६ तारीख, सोमवार

सिस्टरना माझ्याआधीच्या माणसाबद्दल विचारलं. याच खोलीत राहायचा, हेच काम करायचा. बिचारा फार टापटिपीचा, म्हणाल्या. तोही बाटल्यांवरून कुरकुर करायचा. शेवटी शेवटी तर त्याच्या हातातून टॉवेल सुटायचा नाही, हात कायम ओले. तेव्हाही ओढा असाच नितळ झाला होता. मग एका सकाळी काठावर त्याचे कपडे सापडले, घडी घातलेले. तो सापडला नाही. त्याच दिवशी ओढा पुन्हा नासला. सगळ्यांनी कारखान्याला शिव्या घातल्या. पण कारखान्यात तेव्हा थेंबसुद्धा उरला नव्हता.

ते विष कोऱ्याकडे जातं, जे स्वच्छ असेल तिकडे. ओढ्यातून त्याच्यात गेलं. मग तो पाण्यात उतरला आणि त्याच्यातून ओढ्यात. आता माझ्यात. मला भीती वाटते. ढमीसाठी.

१८ तारीख, बुधवार

ताईला फोन केला, सुट्टीत ढमीला पाठवू नकोस म्हणून. ताई भडकली. पोर बॅग भरून बसलीय, आईला तू नकोयस असं तिला मी कुठल्या तोंडाने सांगू, म्हणाली. मी तरी काय सांगणार? तुझी बहीण विषारी झालीय?

रडले. थेंब वहीवर पडला तिथे कागदाला भोक —

१९ तारीख, गुरुवार

पाचही बाटल्यांत शून्य. साहेब फोनवर नाचायचेच बाकी होते. कायमची जागा पक्की.

ताईने ऐकलं नाही. उद्या दुपारी स्वतः आणून सोडतेय. हातमोजे घालायचे, एकावर एक. लांब बाह्या. पोरीला हात लावायचा नाही. जवळ घ्यायचं नाही. इतक्या महिन्यांनी भेटणार आणि जवळ —

२० तारीख, शुक्रवार

बसमधून उतरली ती धावतच सुटली. मी मागे सरकले. हातमोजे होते, बाह्या होत्या, सगळं होतं. गळ्याला लोंबकळून तिने गालाचा पापा घेतला. एकच.

ताई त्याच बसने परत गेली. ढमी खाली सिस्टरकडे आहे. मी वर, दार लावून —

नंतर

हातमोजे काढले. हात कोरडे! वास नाही. धाप नाही. सुटले का मी? सुटले, अगं बाई, सुट —

ढमी दाराशी आलीय. सिस्टरचा टॉवेल घेऊन. विचारतेय, आई, पुसले तरी माझे हात ओलेच का —

नाही. नाही. माझी पोर कोरी होती. नेणारी मी —

आता कोरी मी आहे. दार उघडते. तिचे हात घट्ट धरायचे. येईल परत माझ्यात. यायलाच हवं. मग तिला सिस्टरकडे देऊन मी काठावर — ओढा नासला तर नासू दे —

ताई, तुला कळावं म्हणून लिहितेय, एका हाताने. दुसऱ्या हातात तिचे दोन्ही. येतंय. बोटं ओली झाली. ढमी हसतेय. सुकले बघ आई, म्हणतेय, सुकले —

आता सोडायचं. ढमी, हात सोड. खाली जा, राणी. अगं लाडात नको येऊस — पापा नको — ढमी, पापा न