दारातली खुर्ची

मी, वैजयंती विष्णू मेढेकर, वय चौसष्ट, अविवाहित, केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त, राहणार वसुंधरा, गाझियाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला घेतला असून त्याची झेरॉक्स वेगळ्या कपाटात ठेवली आहे. मला कुणी भरीस घातलेलं नाही की धाक दाखवलेला नाही. गोड बोलायला काही जण आले होते, त्यांचा उल्लेख पुढे येईल. गेल्या महिन्यात केलेलं मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते. ते का बदललं, हेही पुढे येईल.

हा मजकूर टाईप करून घेतलेला नाही, कारण टाईप केलेल्या कागदांतलं मधलं पान बदलता येतं. प्रत्येक पानाखाली माझी सही आहे आणि जिथे जागा रिकामी राहिली तिथे मी आडवी रेघ मारली आहे. माझ्या वकील देवयानी यांनी हे पाहिलं आणि म्हणाल्या, "मॅडम, एवढं कोणी करत नाही." मी म्हटलं, "म्हणूनच फसतात."

कलम १. माझा भाऊ निहार याच्याविषयी

माझ्या मागे निहारचं कसं होणार, एवढाच या मृत्युपत्राचा खरा विषय आहे. बाकी भांडीकुंडी. निहार एक्कावन्न वर्षांचा आहे आणि मानेखाली त्याचं शरीर हलत नाही. तो बोलतो, हसतो, टीव्हीवर फुटबॉल बघतो आणि रेफरीच्या नावाने बोटं मोडता येत नाहीत म्हणून नुसत्याच शिव्या देतो. त्याला ठरावीक वेळाने कुशीवर वळवावं लागतं, रात्रीसुद्धा, नाहीतर पाठीला जखमा होतात. सत्तावीस वर्षं हे मी बघते आहे. या उन्हाळ्यात माझ्या हृदयाची झडप बिघडल्याचं निघालं. तेव्हापासून मी आधी गेले तर याला कुणाच्या हाती द्यायचं, हा एकच विचार माझ्या डोक्यात असतो.

निहार कोण होता हेही नोंदवून ठेवते, कारण आता येणाऱ्याला फक्त पलंग दिसतो. आई लवकर गेली. निहार आणि त्याच्याहून लहान दिलीप यांना मी वाढवलं, बाबांच्या दिल्लीतल्या, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. निहार डावखुरा, मैदानाच्या डाव्या कडेने पळायचा. खेळाडू म्हणूनच त्याला सरकारी नोकरी लागली आणि चोविसाव्या वर्षी दिल्ली राज्याच्या संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं. मला फुटबॉल कळत नाही. पण बॉल त्याच्या पायाशी आला की कॉलनीतल्या बायका गच्चीवर कपडे वाळत घालायचं सोडून कठड्याशी येत, आणि त्यांत मीही असे. तो फार सुंदर पळायचा. हे कायद्याच्या कागदात बसत नसेल तर न बसो.

कलम २. तो सामना

शिबिराच्या तोंडावर आंतर-वसाहत चषकाचा अंतिम सामना आला. जानेवारी महिना, रविवार. एका बाजूला आमच्या गणेश मंडळाचा संघ. दिलीप मंडळाचा चिटणीस होता, वय एकवीस, अंगात नुसता उत्साह. प्रशिक्षकांनी निहारला गल्लीतले सामने खेळू नकोस असं बजावलं होतं, तरी तो खेळला. त्याला कुणी गळ घातली, हा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. मी तेव्हा घरी मटार सोलत होते.

सामना संपत आला असताना निहारने उंच उडी मारून डोक्याने गोल केला. हवेतच समोरच्या खेळाडूशी टक्कर झाली आणि तो मानेवर पडला. बॉल मात्र जाळ्यात गेला होता. आता आमच्या मंडळाची एक पद्धत होती. महिना कुठलाही असो, जिंकून देणाऱ्याला खांद्यावर घ्यायचं आणि "मोरया" म्हणत मैदानभर फिरवायचं. इतर वसाहतींचे लोक हसायचे, पण दिल्लीत राहून आपलं काहीतरी वेगळं असल्याचं आमच्या मुलांना त्यातच समाधान होतं. निहार जमिनीवर हसत पडला होता म्हणे. मुलांना वाटलं, आनंदाने पडला आहे. त्यांनी त्याला उचललं.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पडल्यावर याला हलवलं कोणी?" हाड पडल्याने मोडलं असेल, पण मज्जारज्जू उचलल्याने चिरडला असणार, असं त्यांचं म्हणणं. मी एकेकाला विचारलं. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. प्रत्येक जण म्हणे दुसऱ्यांनी आधीच उचललं होतं, तो नंतर आला. मंडळाने शाल-श्रीफळ दिलं. त्यातली शाल मी त्याच दिवशी परत केली. नारळ पोरांनी आधीच फोडला होता.

मंडळाच्या त्या वर्षीच्या स्मरणिकेत एक फोटो छापून आला, खाली "विजयाचा क्षण". खांद्यांच्या गर्दीत निहार आडवा, आणि त्याच्या डोक्यामागे एक हात, गोलकीपरचा हातमोजा घातलेला. हातमोज्याचा मालकही दिसतो आहे, तोंड मोठ्याने उघडलेलं. बाकी सगळे हात सारखे आहेत, ओळखू येतो तो हा एकच. तेव्हापासून कुठेतरी पाणी मुरतंय हे मला माहीत होतं. आमचा गोलकीपर असणार मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. मग तो इतक्या लवकर तिथे कसा?

कलम ३. हणमंत बाबू खोत

तो गोलकीपर म्हणजे हणमंत. मूळचा सांगलीकडचा, निहारच्याच कार्यालयात खेळाडू म्हणून लागलेला. राहतो मुनिरक्यात, परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांच्या मधे एका खोलीत. लग्न केलं नाही. निहार हॉस्पिटलमधून घरी आला त्या रविवारी तो निहारची दाढी करायला आला, आणि मग दर रविवारी येत राहिला. क्वार्टर सुटलं, आम्ही इकडे तळमजल्याचा फ्लॅट घेतला, तरी मेट्रो बदलत येतो. प्रवासाला बाहेर असेल तर सोमवारी येतो.

माणूस असा उगाच येत नाही, असं माझं मत होतं. एक तर त्याला काहीतरी हवं आहे, नाहीतर काहीतरी खातं आहे. म्हणून पहिल्या रविवारपासून मी त्या खोलीच्या दारात वेताची खुर्ची टाकून बसत आले. त्याच्या हातात वस्तरा आणि समोर माझ्या भावाचा गळा. मी वर्तमानपत्र धरते, वाचत नाही. त्याला "अरे हणमंत" असं कधी म्हटलं नाही. "तुम्ही" म्हणते, म्हणजे अंतर राहतं.

एकदा तो म्हणाला, "ताई, तुम्ही बसा आत पंख्याखाली, मी करतो ना."

"मी इथे बरी आहे," मी म्हटलं.

त्यावर त्याने पुन्हा विषय काढला नाही. त्याचाही मला संशयच आला.

कलम ४. आधीचं मृत्युपत्र

दिलीप आता गुरुग्राममध्ये आयटीत मोठ्या हुद्द्यावर आहे. महिन्यातून एकदा येतो, बूट न काढता उभ्या उभ्या बोलतो, आणि बोलताना निहारकडे न बघता भिंतींकडे, छताकडे बघतो. मी समजत होते की फ्लॅटची किंमत मापतो आहे. उन्हाळ्यात माझं आजारपण कळल्यावर म्हणाला, "ताई, तू बिल्कुल टेन्शन नको घेऊस यार. फक्त फ्लॅटचे पेपर्स एकदा स्कॅन करून ठेवू." त्याच रात्री मी कागदांची जागा बदलली.

तरीही रक्ताचा तो एकटाच उरला होता. म्हणून आधीच्या मृत्युपत्रात मी फ्लॅट आणि निहार दोन्ही दिलीपकडे दिले होते, शंभर अटी घालून. आणि हणमंतला साक्षीदार केलं होतं. देवयानींनी सांगितलं होतं की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, पुढे कोर्टात शंका निघते. मी ते उलटं वापरलं. एकदा हणमंतची सही पडली की तो कशावरही हक्क सांगणार नाही, त्याचा कायमचा बंदोबस्त. विचारल्यावर तो एवढंच म्हणाला, "कुठे करू सही, ताई?" काय लिहिलं आहे ते विचारलंही नाही.

दिवाळीनंतर मी तो मजकूर निहारला वाचून दाखवला. त्याच्याविषयीचा कागद त्याला न दाखवता करायचा, हे मला पटत नव्हतं. हणमंतचं कलम आलं. त्यात मी लिहिलं होतं, "ज्याच्या हाताने माझ्या भावाचं आयुष्य गेलं, असा माझा दाट संशय आहे."

निहार म्हणाला, "ताई, ते काढ."

"का काढू? फोटोत हात आहे त्याचा."

"आहे ना. तो उचलत नव्हता. सगळ्यांनी मला वर घेतलं तेव्हा तो तिकडून पळत आला आणि माझं डोकं धरलं त्याने. 'खाली ठेवा, खाली ठेवा' ओरडत होता. कुणाला ऐकू जाणार? मोरया चालू होतं."

मी विचारलं, "मग उचललं कोणी पहिल्यांदा?"

टीव्ही चालू होता, तो बंद कर म्हणाला. मग म्हणाला, "दिलीपने. कडेवरून धावत आला, मला मिठी मारली आणि उचललं. खूष झाला होता गं तो. तेवढा खूष मी त्याला परत कधी बघितला नाही."

"आणि हे तू मला आज सांगतोस?"

"तू त्याला घराबाहेर काढलं असतंस, ताई. बाबा नुकते गेले होते, आपण तिघंच होतो. हणमंत म्हणाला, संशय माझ्यावर राहिला तर राहू दे, मी काय, बाहेरचा आहे."

मला आधी राग आला. सत्तावीस वर्षं मी भलत्याच माणसावर पहारा केला आणि या दोघांनी मला करू दिला. नंतर असंही वाटलं की हणमंतला घर मिळावं म्हणून निहार रचून सांगत असेल. माझा स्वभाव आता बदलणार नाही. म्हणून पुढच्या रविवारी मी तो फोटो वर्तमानपत्रात धरून दारात बसले. हणमंतने साबण लावला, मग डावा हात निहारच्या डोक्यामागे घातला, बोटं फाकवून, अंगठा कानामागे, आणि मान जराही न हलू देता वस्तरा चालवला. फोटोत तोच हात होता, तीच बोटं, तसाच अंगठा. मी प्रत्येक रविवारी तो बघत होते. वस्तऱ्यावरून नजर काढली असती तर केव्हाच कळलं असतं.

मी विचारलं, "हणमंतराव, त्या दिवशी मैदानावर तुम्ही काय ओरडत होतात?"

"आठवत नाही, ताई," तो म्हणाला. "आवाज खूप होता." त्याला खोटं बोलता येत नाही. कान लाल झाले.

कलम ५. वाटप

वसुंधराचा फ्लॅट निहार असेपर्यंत निहारच्या राहण्यासाठी राहील. त्याची देखभाल हणमंत बाबू खोत यांनी करावी. त्यासाठी त्यांनी मुनिरक्याची खोली सोडून इथे राहायला यावं. निहारनंतर फ्लॅट हणमंतचा. माझी सर्व बचत निहारच्या औषधपाण्यासाठी. व्यवहार देवयानी पाहतील, आणि त्यांच्यावर नजर हणमंतने ठेवावी. रात्री कुशीवर वळवताना आधी डोकं धरायचं, मग खांदा. हे त्याला सांगायची गरज नाही, तरी लिहिते.

आईच्या बांगड्या दिलीपच्या मुलीला, सुखदाला. तिला "पाटल्या" म्हटलेलं कळत नाही, म्हणून बांगड्या लिहिलं आहे. सोसायटीच्या कार्यालयाला काहीही नाही. त्यांना रॅम्प बांधायला मी वर्षभर अर्ज देत होते.

कलम ६. दिलीप

दिलीप, फ्लॅटमध्ये तुझा वाटा ठेवलेला नाही. तुला चौदाव्या मजल्यावर तुझा आहे. थोडी शिक्षा म्हणूनही ठेवलेला नाही, हे लपवत नाही. उचललंस त्याची शिक्षा नाही ही. एकवीस वर्षांचा होतास आणि तुझा भाऊ जिंकला होता. पण त्यानंतर तू त्याच्या खोलीत कधी बसला नाहीस, त्याची ही शिक्षा आहे.

भिंतींकडे का बघतोस, ते आता मला कळलं आहे. तू येशील तेव्हा मी हे तोंडाने बोलू शकणार नाही, मला माहीत आहे. म्हणून इथे. निहारला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, दिलीप. त्याने तुझ्यावर राग धरलेला नाही. तो तुझी वाट बघतो.

तुला मी दारातली वेताची खुर्ची देते. ती विकायची नाही, गुरुग्रामला न्यायची नाही. ती याच घरात राहील, दारातून उचलून निहारच्या पलंगाशी ठेवायची. तू यायचंस, बूट काढायचेस आणि तिच्यावर बसून त्याच्याबरोबर एक पूर्ण सामना बघायचास. फोटो मी फाडलेला नाही. तो हणमंतला द्यावा, त्याचा हात त्यात चांगला आला आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, पुन्हा वाचून सही करते आहे. साक्षीदार दोघेही आत्ता माझ्यासमोर जेवणाच्या टेबलाशी बसले आहेत. चहा सह्या झाल्यावर मिळेल असं त्यांना सांगितलं आहे. दोघांनाही मराठी येत नाही, म्हणूनच निवडले आहेत.

सही : वैजयंती विष्णू मेढेकर
स्थळ : वसुंधरा, गाझियाबाद
दिनांक : रविवार, १६ नोव्हेंबर २०२५, सकाळ

साक्षीदार
१. डॉ. मीनाक्षी सुब्रमण्यम, निहारच्या फिजिओथेरपिस्ट (सही)
२. ~~हणमंत बाबू खोत~~ हरीश कथूरिया, शेजारी (सही)

टीप : क्रमांक दोनवरचं नाव जुन्या मसुद्यावरून सवयीने माझ्याच हातून लिहिलं गेलं आणि मीच ते खोडलं आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे. साक्षीदार का बदलला, हे हणमंतला सांगितलेलं नाही. त्यानेही विचारलेलं नाही. तो आत्ता आत निहारची दाढी करतो आहे. मी दारात बसलेले नाही.