एक्केचाळीस लिफ्टचं ओव्हरलुक

तीर्थरूप मामा,

वाकून नमस्कार. (अगदी खराच वाकून, लिफ्टच्या मशीन रूममध्ये बसून लिहितोय, इथे ताठ उभं राहिलं की डोकं छताला आपटतं.) डोळ्यावरची पट्टी निघाली का? गुडघा काय म्हणतो? काल मामीचा फोन आला होता. "माझ्यामुळे भाच्याची नोकरी गेली" असं म्हणत तुम्ही इंग्रजीचा क्लास बंद केलाय आणि भिंतीकडे तोंड करून बसलाय म्हणे. म्हणून आधीच सांगतो, नोकरी शाबूत आहे आणि चूक तुमची नव्हतीच.

झालं असं की, सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज इंग्रजीत हवा होता. 'देखरेख करतो' याला तुम्ही फोनवर नीट 'ओव्हरसी' सांगितलंत. पण लिहायला बसलो आणि मला अक्कल सुचली. सी म्हणजे पाहणं, लुक म्हणजेही पाहणंच; त्यातल्या त्यात लुक जरा इस्त्री केल्यासारखा वाटला. म्हणून लिहिलं, गेली बारा वर्षं मी एक्केचाळीस लिफ्टची सेफ्टी 'ओव्हरलुक' करतो आहे. त्याच झपाट्यात, मेहनत घेतो हे सांगायला 'वर्क हार्ड' लिहिलं; पण हार्ड नुसताच उघडाबोडका दिसत होता, म्हणून त्याला 'ली' जोडून 'हार्डली' केलं. मुख्य कचेरीत याचा अर्थ असा लागला की, हा माणूस बारा वर्षं सेफ्टीकडे कानाडोळा करतोय, काम जवळपास करतच नाही आणि वर सही करून तसं कबूलही करतोय.

तिसऱ्या दिवशी माझ्याकडून किल्ल्यांचा जुडगा काढून घेतला. बायकोने विचारलं, "असं केलंत तरी काय?" मी म्हटलं, "अर्ज." पुढचे चार दिवस आमच्या इमारतीतली लिफ्ट चालू असूनही मी जिन्यानेच चढलो. तिच्याकडे बघवत नव्हतं, मामा.

मग चौकशीला इंजिनिअर बाई आल्या. दोन दिवस आम्ही दोघं एकेक लिफ्ट तपासत फिरलो. ब्रेक, दोर, दारं, धोक्याची घंटा. कुठे काही सापडेना, तसतसा बाईंचा चेहरा आणखीच गंभीर. (काहीच सापडत नाही म्हणजे काहीतरी फारच मोठं दडवलंय, असा त्यांचा हिशेब असावा.) माझी कामाची वही मागितली. ती मराठीत. 'दवाखान्यातली मोठी लिफ्ट: दार लावताना कण्हते. तेल दिलं. दुपारी परत जाऊन ऐकलं. आता गप्प आहे.' ते पान बाईंनी दोनदा वाचलं. मग त्याच लिफ्टमध्ये शिरल्यावर न राहवून म्हणाल्या, "हिच्याकडेही दुर्लक्ष केलंत?"

"छे हो! हिला तर मी रोज ओव्हरलुक करतो. पेशंट असतात ना."

बाई माझ्या हत्यारांच्या पेटीवर बसल्या आणि तोंडाला रुमाल लावून चांगले दोन मजले हसल्या. मग दोन्ही शब्द त्यांनी समजावून सांगितले आणि मला दरदरून घाम फुटला. "अर्ज कुणी लिहून दिला?" म्हणाल्या. "मीच लिहिला," म्हटलं. तेच खरं आहे, मामा. किल्ल्या त्याच संध्याकाळी परत मिळाल्या. जागेचं पत्र आठवड्याने आलं.

आता भिंतीकडचं तोंड फिरवा आणि मामीला चहा मागा. ती बिचारी तुमच्यापेक्षा जास्त घाबरलीय.

तुमचा भाचा
(सुपरवायझर, अजून लिहिताना लाजल्यासारखं होतं)

ता. क. : इंजिनिअर बाई नव्या मेकॅनिकना कामापुरतं इंग्रजी शिकवायला कुणीतरी शोधत होत्या. मी तुमचं नाव देऊन टाकलंय. सोमवारी दहा वाजता. नाही म्हणू नका, अकरा जण आहेत आणि सगळे माझ्याच वळणाचे.

आणखी एक : तुमच्या शिफारशीचं पत्र मी कुणालाही न विचारता, एकट्याने, इंग्रजीत लिहिलं. 'एक्स्पीरियन्स्ड'चं स्पेलिंग ऐन वेळी आठवेना, म्हणून तसाच दिसणारा एक आटोपशीर शब्द घातला: 'फॉर्टी इयर्स एक्स्पायर्ड टीचर'. बाईंनी वाचून विचारलं, "मग ते सोमवारी येणार कसे?"

मी म्हटलं, "बसने."