उतरायची खूण

४ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा! शेवटचा पल्ला बूट हातात घेऊन चाललो, कारण एका बुटाच्या तळाने वाटेतच राजीनामा दिला. घर कड्यावर एकटंच, खाली समुद्र. शेजार म्हणाल तर वारा. जाहिरातीत होतं, मजबूत खांद्यांचा तरुण पाहिजे, शिक्षणाची अट नाही. अशा जाहिराती मला लांबूनच ओळखू येतात.

घरात दोघंच, भाऊ आणि बहीण, दोघंही ऐंशीच्या पुढचे. भाऊ लढाईच्या काळात विमानवाहू जहाजावर होता. बहीण म्हणाली, मला मावशी म्हण, त्याला काका म्हण, आणि तो काय बोलेल ते मनाला लावून घेऊ नकोस. खोली झकास. खिडकीची काच कोपऱ्यात तडकलेली आहे, तिथून समुद्र दोनदा दिसतो. इथे मी टिकणार. (दर ठिकाणी हेच लिहितो म्हणा.)

७ नोव्हेंबर

काम कळलं. हसू नये असं ठरवलं होतं, पण हसलोच. रोज सूर्य बुडताना गच्चीवर जायचं, हातात दोन मोठ्या नारिंगी बॅटी धरायच्या आणि रिकाम्या आभाळाकडे तोंड करून खुणा करायच्या!

काकांचं जहाजावर हेच काम होतं. डेकच्या टोकाला उभं राहून विमानं उतरवून घ्यायची. पायलटला खालचं धड दिसत नाही, तो फक्त या बॅटी बघतो. काका म्हणाले, बाकीच्या खुणा म्हणजे सल्ला, दोनच खुणा म्हणजे हुकूम. बॅटी डोक्यावर फुलीसारख्या हलवल्या की उतरू नको, परत फिर. उजवी बॅट गळ्यावरून आडवी ओढली की इंजिन बंद कर, उतर. दोन्ही मोडायची मुभा नाही, मग वर सेनापतीचा जावई का असेना.

मी फक्त फुली करायची. दुसरी खूण चुकूनही नाही. काकांचा खांदा गेलाय, म्हणून मी. पहिल्या दिवशी माझे हात बघून त्यांनी विचारलं, माश्या हाकलतोयस का रे?

गच्चीवरून एक पांढरा पक्षी दिसला, शेपटी कात्रीसारखी. नाव कुणाला विचारू?

१२ नोव्हेंबर

आज मावशीने भांडी पुसता पुसता सगळं सांगितलं. जहाजाला बाँब लागला होता. खाली धूर कोंडला म्हणून जखमींना वर डेकवरच ओळीने निजवलेलं. तेवढ्यात चार विमानं परतली. शत्रूला जहाजापासून लांब अडवून धरलं होतं ते याच चौघांनी. तेल संपत आलेलं. उतरायची जागा एकच, आणि तिथे माणसं निजलेली. काकांनी फुली केली. पुढच्याने सलाम ठोकला आणि वळला. तो वळला म्हणून मागचे तिघं वळले. एकानेही हट्ट केला नाही. समुद्रावर एकामागून एक इंजिनांचे आवाज बंद झाले. जखमींना नंतर दुसऱ्या जहाजांनी उचललं, बरेच जगले.

मावशीचं लग्न त्या पुढच्याशी ठरलं होतं. हे सांगताना ती तीच बशी पुन्हा पुन्हा पुसत होती.

१५ नोव्हेंबर

ऐकलं. वारा नाही, इंजिनंच. मग दिसली, पाण्यालगत, चार. मी फुली केली. पुढचा इतका जवळ आला की चेहरा दिसला. माझ्याच वयाचा. सलाम ठोकला, वळला. बाकीचे त्याच्यामागे. मग एक आवाज गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. चौथ्याची वाट बघणं फार वाईट.

काकांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले की आता तू कामाला लागलास.

१९ नोव्हेंबर

काका तापाने पडलेत, मावशी त्यांच्याजवळच. दिवसभर बोलायला कोणी नाही. खरं सांगायचं तर संध्याकाळ होण्याची मी वाट बघतो. ते चौघंच माझ्या ओळखीचे. आणि मी त्यांना रोज मरायला पाठवतो.

आज मावशीने विचारलं, कसा दिसतो तो. म्हटलं, बरा दिसतो. जरा वेळाने तिने विचारलं, बारीक झालाय का?



२० नोव्हेंबर

गच्ची रिकामी आहे. तिथे कुणी निजलेलं नाही. मग एकाला उतरवायला काय हरकत आहे? निदान त्या एकाला. तिच्यासाठी.

२१ नोव्हेंबर

खूण दिली. गळ्यावरून.

त्याने मान हलवली. नको म्हणून. मला स्पष्ट दिसलं. मी पुन्हा दिली. हुकूम तो हुकूम — इंजिन बंद झालं —

तेव्हा मागे कण्हल्याचं ऐकू आलं. वळलो. गच्चीभर माणसं, पट्ट्या बांधलेली, ओळीने. पायाखाली डेक होतं. तापलेलं. आणि विमान त्यांच्यावरून —

ओरडणं अजून कानात आहे.

२२ नोव्हेंबर, दुपार

तो पुढचा पायलट गच्चीच्या दाराबाहेर उभा आहे. पाठ करून. आत येत नाही. मावशी कालपासून जिन्यात बसून त्याच्या पाठीशी बोलतेय, कधी हळू, कधी रागाने. तो वळून बघत नाही. ज्यांच्यासाठी जीव दिला त्यांच्यावरच मी त्याला उतरवलं.

काकांनी अंथरुणातून माझा हात धरला. म्हणाले, पुढचा वळायचा म्हणून मागचे वळायचे. आता पुढचा खाली आहे. तिघं त्याच्या मागोमाग येतील. जखमींतले अजून बरेच जिवंत आहेत वर. जिवंत म्हणाले.

छत गरम आहे. कण्हणं थांबत नाही.

२२, अंधार पडल्यावर

तिघं आले. फुली केली. वळेनात. पुन्हा केली, ओरडलो —

तो धावला. आपल्या विमानाकडे. त्यांना दूर न्यायला. मावशीने त्याची बाही धरली, सोडेना. पहिल्यांदा त्याने तिच्याकडे बघितलं. मग विमानातली मागची जागा दाखवली. तिथला सोबती लढाईतच गेलेला. रिकामी होती.

तिचे गुडघे दुखतात. जिनाही धड चढवत नाही तिला. पण विमानात चढली.

दोघं माझ्याकडे बघत होते. इंजिन सुरू झालं, पण माझ्या हुकुमाशिवाय तो उडणार नव्हता. मावशीने मान डोलावली, की कर बाबा, लवकर.

मी फुली केली.

वळले. तिघंही त्यांच्यामागे. आवाज एकेक करून —

गच्ची थंड आहे. कुणी नाही. एक माणूसही नाही.

खालून काका हाक मारतायत. मला नाही. तिला. पाणी मागतायत. पुन्हा मारली. जिन्यात बसलोय. खाली जाऊन त्यांना काय सांगू?