शेवटच्या बाकावरचं पान

बाई,

आपल्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मुलीचं पुढच्या वर्षाचं नेमणूकपत्र थांबलं आहे. आज दुपारी प्राचार्यांनीच मला केबिनमध्ये बोलावून ते सांगितलं आणि कारण म्हणून एक झेरॉक्स पुढे सरकवली. अक्षर माझं, खाली सही माझी. तिच्या तासाला शेवटच्या बाकावर बसून मी लिहिलेलं ते पान होतं. अशी पानं लिहायची पद्धत तुमची, म्हणून त्या पद्धतीचं मी काय करून ठेवलं ते आधी तुम्हालाच सांगायला हवं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, पण या विषयावर बोलावं असं दुसरं माणूस मला अजून सापडलेलं नाही.

मी अंधेरीच्या या कॉलेजात लागलो तेव्हा तुम्ही अर्थशास्त्राच्या विभागप्रमुख होतात. पहिल्याच महिन्यात एका सकाळी तुम्ही न सांगता वर्गात आलात आणि मागे कोपऱ्यात वही उघडून बसलात. विषय होता मागणीची लवचिकता. चार दिवस तयारी केली होती मी, फळा आकृत्यांनी भरून टाकला. तास संपल्यावर तुम्ही वहीतलं पान टर्रकन फाडून माझ्या हातात दिलंत. त्यावर नुसत्या वेळा आणि त्यांच्यापुढे एकेक ओळ. सात पन्नास: तिसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला, शिक्षक फळ्याकडे. आठ पाच: तिनेच पुन्हा हात वर केला, शिक्षक फळ्याकडे. आठ दहा: मुलीने वही मिटली. चांगलं, वाईट असा शब्द कुठेच नव्हता. मी दुखावलो ते तुम्हाला कळलं असावं, कारण तुम्ही एवढंच म्हणालात, "रविवारी मढला ये. जेवायलाच ये."

वर्सोव्याहून तरीने आलो. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी शूटिंगवाल्यांच्या गाड्या उभ्या होत्या, तुम्ही त्यांच्या नावाने शिव्या घालत दार उघडलंत. स्वयंपाकघरात तुम्ही कोळंबी सोलत बसला आहात आणि मी पाटावर, मांडीवर माझ्या नोट्स. "त्या ठेव बाजूला. लवचिकता म्हणजे काय ते मला सांग," तुम्ही म्हणता. मी व्याख्या सुरू करतो. "व्याख्या नको रे. माझ्या आयशीने जन्मभर मासळी विकली, तिला कळेल असं सांग. पापलेट महागलं की गिऱ्हाईक कुठे जातं?" मी म्हणतो, बांगड्याकडे. "आणि मीठ महागलं की?" कुठेच नाही जात, मी म्हणतो. "झालं ना मग! एवढ्यासाठी तू पाऊण तास आकृत्या काढल्यास आणि ती पोरगी हात वर करून करून थकली." मग हात धुऊन तुम्ही मला तीन नियम सांगितलेत. तास संपेपर्यंत बाकावरून उठायचं नाही. फक्त दिसलं तेच लिहायचं. आणि पान ज्याचा तास त्याचं. त्याच्याशी बोलायचं, पान त्याला द्यायचं, आपल्याकडे काही ठेवायचं नाही. निघताना वर्तमानपत्रात बांधलेला सुका जवळा हातात ठेवलात आणि म्हणालात, "पुढच्या महिन्यात तू माझ्या तासाला बसायचं. मीही फळ्याकडे बघूनच बोलते की काय, ते मला तरी कसं कळणार?"

विभागप्रमुख झाल्यावर मी ही पद्धत चालू ठेवली. आता अध्यापकांचा विकास बहुतेक मोबाइलवर होतो, बाई. सात दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण, रोज दोन व्याख्यानं, शेवटी प्रश्नावली आणि प्रमाणपत्र. कॅमेरा बंद ठेवून आमच्यातले निम्मे पोळ्या लाटत असतात. एकदा एकाचा माइक चालू राहिला आणि 'चिंतनशील अध्यापन' ऐकताना सगळ्यांना कुकरच्या तीन शिट्ट्या ऐकू आल्या. सगळंच वाया जातं असं नाही, मीही त्यातून दोन-चार गोष्टी उचलल्या आहेत. पण त्या प्रशिक्षणाची हजेरी लिंकवर भरावी लागते आणि लिंक ठरल्या वेळी बंद होते.

त्या दिवशी मी या मुलीच्या तासाला बसलो होतो. सलग दोन तासिका होत्या आणि विषय तोच, लवचिकता. आठ वाजून चाळीस मिनिटांनी अकरा मुलं उठून वर्गाबाहेर गेली, ते मी लिहिलं. नऊला माझी लिंक बंद होणार होती आणि वर्गात रेंज नव्हती. मी सही करून पान तिच्या टेबलावर ठेवलं आणि बाहेर पडलो. तिने मला नंतर सांगितलं की त्या अकरा जणांना तिनेच आदल्या दिवशी नेमून समोरच्या बाजारात पाठवलं होतं, भाजीवाल्यांना आणि मासेवाल्या मावश्यांना विचारायला की भाव वाढला की कोणतं गिऱ्हाईक परत येतं आणि कोणतं नाही. सव्वानऊला मुलं परत आली आणि तास संपेपर्यंत भांडत होती म्हणे. मला तुमची कोळंबी आठवली. तिने तुम्हाला कधी पाहिलंही नाही.

मग कॉलेजच्या मूल्यांकनासाठी बाहेरची समिती येणार म्हणून फाइली सुरू झाल्या. ते काम बघणाऱ्या सहकाऱ्याला मी आपली पद्धत सांगितली, तर तो म्हणाला, "झकास आहे सर, पण पुरावा? नुसते बाकावर बसलात हे कोण मानणार?" मी सगळ्यांकडून पानं मागून घेतली, एका मधल्या सुट्टीत त्यांच्या झेरॉक्स काढल्या आणि 'अध्यापक विकास' असं लिहिलेल्या फाइलीत लावल्या. खरं सांगायचं तर अभिमानानेच लावल्या. व्यवस्थापनातल्या एका गृहस्थांनी ती फाइल चाळली आणि त्यांना एवढंच दिसलं: अकरा मुलं वर्ग सोडून गेली. त्यापुढे पान कोरं.

"ते पान अर्धं आहे," मी प्राचार्यांना म्हणालो.

"सही तर पूर्ण आहे ना तुमची?"

"आहे. म्हणूनच सांगतोय."

ते वाईट माणूस नाहीत. बैठकांची डायरी उघडून म्हणाले, "सोमवारी अकराला बैठक आहे. तुम्ही तास अर्धवट सोडून आलात असं लेखी देणार असाल तर तिचं पत्र मी पुन्हा पुढे ठेवतो. पण सर, त्याच टेबलावर तुमच्या बढतीची फाइल आहे. विचार करा."

मी तिथेच कागद मागितला आणि लिहून दिलं.

तिला स्टाफरूममध्ये सांगायला गेलो तेव्हा ती पेपर तपासत होती. सगळं ऐकून घेतलं तिने. "तुम्ही तर म्हणाला होतात सर, पान माझंच."

"हो."

"मग वाट लावलीत ना माझी." आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. मी सांगितलं की लेखी दिलं आहे, त्या फाइलीतली सगळी पानं आज मी स्वतः काढून ज्याची त्याला परत केली आहेत, आणि सोमवारी पावणेआठला माझा तास आहे, तिने शेवटच्या बाकावर बसावं. तिने हातातला पेपर बाजूला सारला. "मी? तुमच्या तासाला? आणि माझं पान कुणाकडे जाणार?"

"माझ्याकडे. फक्त."

"झेरॉक्सचं मशीन बंद असेल तर येते," ती म्हणाली आणि पुन्हा पेपर तपासायला लागली. पण येणार आहे. मी निघताना तिने वर्ग कोणता ते विचारलं.

बैठकीत काय होईल ते मला माहीत नाही. पत्र पुन्हा अडलं तर मी पुन्हा जाणार, दर बैठकीला जाणार, एवढं ठरलेलं आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, ते निरीक्षणाच्या वहीतच राहील. एक गोष्ट मात्र तुमच्यापासून लपवली होती. वर्षभराने तुम्ही विचारलंत, "माझं पहिलं पान ठेवलंयस ना रे?" आणि मी हो म्हणालो. ते त्याच रविवारी, मढला येताना, मी रागाने तरीतून खाडीत टाकलं होतं. सोमवारी ती जे पान देईल ते ठेवणार आहे. त्यातली एक ओळ मला आत्ताच माहीत आहे, बाई. मी अजूनही फळ्याकडे तोंड करून बोलतो.