लॅपटॉपवरचं माझं खातं

मंगळवार, संध्याकाळ. चिक्कडपल्ली.

रविवारी सुहासने माझ्या लॅपटॉपमध्ये नवीन एसएसडी डिस्क बसवली, विंडोज पुन्हा टाकलं. बारीक स्क्रू दिसावेत म्हणून मी फोनचा टॉर्च धरून उभी होते. किती मन लावून करतोय माझ्यासाठी, असं वाटत होतं.

आज नोकऱ्या शोधायची साइट उघडली, तर स्क्रीनवर आलं, आधी पालकांची परवानगी घ्या. पालक म्हणजे सुहास, माझा नवरा! माझं खातं त्याने लहान मुलाचं करून ठेवलंय. मी काय बघते ते सगळं त्याच्या फोनवर जातं.

विचारलं तर म्हणतो, "अगं, सेफ्टीसाठी केलं. त्यात काय परेशान व्हायचं?"

चाळिशी आली माझी. जामबागच्या शाळेत वर्गच्या वर्ग सांभाळते मी.

आणि टॉर्च? तो मीच धरला होता, हात अवघडेपर्यंत.