पट्टी कुणी सोडली

आई, मी बोलतेय. कोण म्हणून विचारशीलच, कारण जिवंत होतीस तेव्हाही मला हाक मारताना तुझ्या तोंडी आधी म्हशीचं नाव यायचं, मग आत्याचं, मग माझ्या पाठच्या धाकट्याचं, आणि मी समोर येऊन उभी राहिले की म्हणायचीस, हां, तूच. तर तीच मी. तू गेलीस त्या वयापेक्षा आता मी कितीतरी मोठी आहे, म्हणजे खरं तर तू मला अहोजाहो करायला हवंस. अक्षर तुझ्यासारखंच मलाही कधी आलं नाही. मी सांगते आणि सून लिहून घेते. ओळी सरळ चालल्यात की नाही, एवढंच मी बघते. अमेरिकेत शुगर लँड नावाच्या गावात लेकाच्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसलोय. बाहेर ऊन असं की पाय भाजावा, आणि आत एसी असा की मी स्वेटर घालून बसलेय. तुला सांगून पटणार नाही.

लिहायचं कारण एक मेलेला राजा. माझी नात, म्हणजे तुझी पणती, ह्यूस्टनच्या दवाखान्यात हाडांचे फोटो वाचते. तिला एका म्युझियममध्ये भाषण द्यायचंय. इजिप्त देशात तीन हजार वर्षांपूर्वी एक पोरसवदा राजा होता, एकोणिसाव्या वर्षी मेला, आणि कशानं मेला ते अजून कुणाला नक्की सांगता येत नाही. थडगं उघडून, पट्ट्या सोडून, यंत्रात घालून झालं. मेल्यावरही या पोराला कुणी निजू देत नाही. शनिवारी ती लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली.

"आजी, तू ज्युरी. मी एव्हिडन्स दाखवणार, तू डिसाइड करायचं."

"मी कुणाला फाशी देणार नाही, आधीच सांगते."

"सगळे ऑलरेडी मेलेत, आजी. फोकस."

मग तिनं एकेक काढलं. कवटीत हाडाचे तुकडे सापडले, तेव्हा म्हणे सगळ्यांना वाटलं, गादीसाठी कुणीतरी मागून डोक्यात घातलं. मला ते लगेच पटलं, भाऊबंदकी आपण काय कमी पाहिली. पण ती म्हणाली, नो, ते तुकडे मेल्यानंतरचे. मग म्हणाली, त्याचे आईबाप सख्खे भाऊबहीण होते, म्हणून हाडं नाजूक. मी कानाला हात लावला. तर म्हणते, "तू पण कझिनशी लग्न केलंस ना?" म्हटलं, आत्याच्या मुलाशी केलं, त्याला आपल्यात रीत म्हणतात, आणि तुझ्या बापाची हाडं चांगली दणकट आहेत. सून तेव्हाही हसली, आता लिहितानाही हसतेय.

शेवटी तिनं एक फोटो मोठा केला. मांडीचं हाड, गुडघ्याच्या जरा वर मोडलेलं. तिथं जखम होती, म्हणाली, उघडी, भरत आलेली नव्हती. म्हणजे पाय मोडल्यावर थोडेच दिवस जगला. जखम चिघळली असेल, वर ताप, आणि गेला. काही जण हेच मानतात, काही नाही मानत. ती बोलत राहिली आणि मला पुढचं ऐकू येईना. तिनं बोट ठेवलं होतं ती जागा मला ठाऊक होती.

कडब्याच्या गंजीवरून धाकटा पडला तेव्हा बारा वर्षांचा होता. तुला आठवण करून द्यायची गरज नाही, हे एक तू विसरली नसशील. हाडवैद्य आला, त्यानं हाड बसवलं, उडदाचं पीठ अंड्यात कालवून लेप दिला, बांबूच्या कामट्या लावून पट्टी आवळली आणि सांगितलं, एकवीस दिवस या गाठीला माझ्याशिवाय कुणाचा हात लागता कामा नये, लागला तर पोर हातचं जाईल. गावात तसंच चालायचं, त्याची गाठ म्हणजे देवाची गाठ. गुडघ्याच्या वर कातडी फाटली होती, त्या जखमेचं कुणी बोललं नाही, ती लेपाखाली गेली. खळ्याचे दिवस होते, तुम्ही दोघं पहाटे जायचात. मी चौदा वर्षांची, माझ्याकडे त्याच्या माश्या वारायचं काम.

पाचव्या दिवशी दुपारी तो म्हणतो, "आक्के, सोड गं जरा. पाय माझा राहिला नाही." मी म्हणते, गप पड. तो म्हणतो, "तुझ्या लग्नात करवला होऊन नाचणार नाही बघ." असा लबाड. बोटं बघितली तर निळी, गार. मी सोडली गाठ. आतून वास आला तो अजून कधी कधी नाकात येतो. पण त्यानं श्वास सोडला, आई. भरून आलेली म्हैस पिळून मोकळी झाल्यावर सोडते तसा. पाणी मागितलं, प्याला, हसलासुद्धा.

तीन दिवसांनी तो गेला. हाडवैद्यानं पट्टीकडे पाहिलं आणि म्हणाला, ही गाठ माझी नाही. कुणी सोडली? बाबांनी माझ्याकडे पाहायच्या आत तू म्हणालीस, मी. एवढंच. तू तर दिवसभर खळ्यावर होतीस, पण कुणी विचारलं नाही. आईच्या वेड्या मायेनं पोर मारलं, असं गाव ठरवून मोकळं झालं. त्यानंतर कुणाच्या पोराला हळद लावायला तुला पुढे बोलावलं नाही. माझ्याही लग्नात हळद काकूनं लावली, आणि तू दाराशी उभी राहून तांब्या पुसत होतीस, पुसलेलाच. मी पाटावर बसून ते पाहिलं. तोंड उघडलं नाही.

शनिवारी नातीला विचारलं. शेजारच्या घरातली गोष्ट म्हणून सांगितली. अशी घट्ट पट्टी कुणी मधेच सोडली तर पोर मरतं का गं?

"ऑपोझिट, आजी. सोडली ते बरंच केलं. रक्त फिरलं असतं, जखम दिसली असती, कुणीतरी डॉक्टरकडे नेलं असतं. घट्ट बांधल्यानं वाट लागते."

म्हणजे आई, जे पाप तू अंगावर घेतलंस ते पाप नव्हतंच. त्या घरात त्या आठ दिवसांत शहाणपणाचं तेवढंच एक काम झालं होतं.

आता पुढचं. सुने, लिही.

मी पट्टी सोडली, आणि अंगणात कुणाचीतरी चाहूल लागली म्हणून घाबरले. कुणाला कळू नये म्हणून परत बांधली. पहिल्यापेक्षा घट्ट, कारण सैल दिसली असती तर मार बसला असता. तो म्हणाला, "नको, आक्के, नको." मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. जखम मी पाहिली होती. एकटीनं पाहिली होती. तुम्ही आलात तेव्हा सांगितलं, दिवसभर झोपून होता.

सूनबाईनं पेन खाली ठेवलंय. म्हणते, "आई, तुम्ही चौदा वर्षांच्या होतात." म्हटलं, वय मी आधीच लिहायला सांगितलंय, ते काय नवं आहे. तिनं उठून मला पाणी दिलं आणि परत लिहायला बसली.

"पत्ता काय घालू?" म्हणते. पत्ता होता ना. सासरहून दोन कोसांवर होता, लग्नानंतर तू गेलीस तोवर बारा वर्षं होता, दर दिवाळीला मी त्या दारात येत होते. तू तेव्हा माझी गाठ ओळखली होतीस की नुसतंच मला झाकलंस, हे मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं. आता थकले. हा कागद कुठे जायचा नाही, माझ्या औषधांच्या डब्याखाली राहील. आणि एक. नातीनं शेवटी विचारलं, "सो आजी, व्हर्डिक्ट?" मी म्हटलं, तापानं गेला. भाषणात ती म्हणे सांगणार आहे, माझ्या आजीचं मत, ताप. सगळे हसतील आणि टाळ्या वाजवतील. मी तिला अडवलेलं नाही.

त्या राजाबरोबर म्हणे पेट्या भरून खाणं दिलं होतं. आपण धाकट्याबरोबर काही दिलं नाही, त्याचं तिथं तू बघत असशील. माझ्यासाठी काही पाठवावंसं वाटलंच, तर गोड नको, शुगर आहे मला. हुलग्याचं माडगं पाठव, पातळ, मीठ बेतानं. त्याला पोटभर वाढून उरलं तरच.