भीमाची अर्धी फेरी

५ एप्रिल, रवि.
पाड्यातल्या किसनने त्या मारधाडीच्या सिनेमाचा सातवा भाग मोबाइलवर दिला. दोन वर्षांपूर्वी आपल्या पाड्यावर शूटिंग झाले, तोच. दुपारी पूर्ण पाहिला. घाटातला जीपचा पाठलाग उत्तम. खऱ्या जीप, खरी धूळ. हिरो म्हातारा झालाय आणि ते लपवलेले नाही, हेही आवडले. संवाद मात्र सहाव्या भागातलेच. दरीत पडून मेलेला व्हिलन कारण न सांगता परत येतो. मेलेले परत आणणे हा या मालिकेचा जुना दोष. आणि आपला पाडा म्हणजे कुठलासा परदेश!
किसन म्हणाला, "पासपोर्ट नाय काढला, तरी तू फॉरेनचा."
त्यात बाबा आहेत. १ तास १२ मि. बोहाड्याच्या सोंगांची फेरी, डोक्यावर भीमाचा मुखवटा. हातपंपापाशी येतात आणि स्फोट. नऊ सेकंद. चेहरा दिसत नाही, पण डावा पाय ओढतात तो दिसतो.

७ एप्रिल, मंगळ.
काका आले. बोहाडा अठरा दिवसांवर. भीम पिढीजात आपल्या घराचा. बाबा गेले, आता मी नाचवायचा. आई मला म्हणाली, "सांगून टाक."
सांगितले. शूटिंगला डायरेक्टर साहेब "कट" म्हणाले की बाबा मुखवटा काढत. आठ वेळा. चढवलेले सोंग पारावर पोहोचल्याशिवाय उतरत नाही, आणि तेही घरच्या माणसाने उतरवायचे. बाबांना माहीत होते. साहेबांना नाही म्हणता आले नाही.
काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग, "म्हंजे सोंग अजून त्याच्याच डोक्यावर आहा. तू कसा चढवशील?"
आई: "मग भीम दुसऱ्या घरी जाणार?"
काका उठून गेले.

९ एप्रिल, गुरु.
मोखाड्याला कामावर, झेरॉक्सच्या दुकानात, जेवणाच्या सुट्टीत तेवढाच भाग पुन्हा लावला. बाबा हातपंप ओलांडून किसनच्या घराच्या भिंतीपर्यंत गेले. मग स्फोट.
वही तपासली. हातपंप असेच लिहिले आहे. सेकंद मोजले. नऊच.

१२ एप्रिल, रवि.
किसनला काही न सांगता दाखवले. विचारले, भीम कुठपर्यंत पोहोचला?
"चिंचेपाशी. का रं, घाम का फुटला तुला? सिनेमा आहा."
चिंच त्याच्या भिंतीच्या पुढे आहे. त्याने स्वतःच्या मोबाइलवर लावले. तिथेही चिंच. चहा न पिताच गेला.

१५ एप्रिल, बुध.
काकांना सांगितले. रागावतील असे वाटले होते.
"पाराला किती राहिलं?"
"दोन घरे."
"मंग अडवू नको त्याला. चालू दे."
विचारले, पोहोचल्यावर मुखवटा उतरवायचा कोणी? काका माझ्या हातांकडे पाहत राहिले.

१८ एप्रिल, शनि.
एकच घर राहिले. आज स्फोट झाला नाही. बाबा थांबले आणि मान वळवून इकडे पाहत उभे राहिले. मीच मोबाइल उलटा ठेवला.
५ तारखेच्या नोंदीतला "दोष" हा शब्द खोडला. त्या जागी काय लिहावे ते ठरत नाही.
नारळ आणला. उद्या दुपारी मोबाइल पारावर नेऊन लावायचा. आई येते म्हणाली. बाबांचा धुतलेला सदरा घडी करून पिशवीत घातला तिने. मुखवटा उतरला की माणूस घामाने भिजलेला असतो, म्हणाली.